बिलाचा क्रमांक काय पकडतो आणि काय पकडत नाही



आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल. बिलाच्या कोपऱ्यात छापलेला आकडा. दुकानातून निघताना आपण रक्कम बघतो, फार तर तारीख बघतो. त्या आकड्याकडे कुणी बघत नाही. पण ज्याचं दुकान आहे आणि जो स्वतः दिवसभर गल्ल्यावर बसू शकत नाही, त्याला याहून स्वस्त राखणदार मिळणार नाही. त्याला पगार नाही, सुट्टी नाही. फक्त त्याच्याकडे रोज कुणीतरी बघावं लागतं, आणि नेमकं तेच होत नाही.

या भागात तीन गोष्टी बघू. सलग क्रमांक नेमकं काय काम करतो, ते काम त्याच्याकडून कसं करून घ्यायचं, आणि कोणतं काम त्याच्याकडून कधीच होणार नाही.

उदाहरणासाठी कुंडम घेऊ. पुणे, नागपूर, बेळगाव, बडोदा इथल्या मंडळींसाठी सांगतो: कुंडम ही मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातली तहसील. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा डोंगर-जंगलाचा, गोंड वस्तीचा भाग. नर्मदेला मिळणारी हिरन नदी इथूनच निघते. बाजार चालतो तो धान, तेंदूपत्ता आणि मोहाच्या हंगामावर.

समजा, कुंडमला तुमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. तुम्ही राहता जबलपूरला, दुकान भाचा सांभाळतो. तुम्ही आठवड्यातून एकदा येता. एका आठवड्यात गल्ला कमी दिसतो. तुम्ही विचारता, "काय रे, यंदा विक्री थंड?" तो म्हणतो, "मामा, पाऊस लांबला. गिऱ्हाईकच नाही."

हे खरं असेल, नसेलही. तपासायला हातात काही नसेल तर तुमच्याकडे दोनच रस्ते उरतात: डोळे मिटून विश्वास, नाहीतर मनातला संशय. दोन्ही वाईट. संशय एकदा नात्यात शिरला की पुढे हिशोब कितीही चोख दिला तरी तो निघत नाही. आणि भाचा प्रामाणिक असेल तर नुकसान त्याचंच जास्त, कारण आपण प्रामाणिक आहोत हे दाखवायला त्याच्याकडे काहीच नसतं. म्हणून क्रमांकाची शिस्त ही केवळ चोर पकडायची युक्ती आहे असं समजू नका. ती आधी प्रामाणिक माणसाची ढाल आहे.

नसलेला कागद दिसणार कसा?

हातात असलेला कागद तपासणं सोपं. बिल समोर असेल तर रक्कम बघता येते, बेरीज पडताळता येते, गिऱ्हाइकाला विचारता येतं. अवघड आहे ते नसलेला कागद शोधणं. दहा बिलांच्या गठ्ठ्यातून एक काढून घेतलं आणि बिलांवर क्रमांक नसले, तर उरलेली नऊ बिलं अगदी पूर्ण दिसतात. नऊची बेरीज बरोबर येते, रोकड बेरजेशी जुळते, सगळं ठीक. गेलेलं बिल आपली कुठलीही खूण मागे ठेवत नाही.

आता त्याच बिलांवर १ ते १० क्रमांक घाला आणि सातवं काढा. सहानंतर थेट आठ येतो. जागा रिकामी दिसते. क्रमांकाचं सगळं काम एवढंच आहे: तो अनुपस्थितीला दिसण्याजोगी करतो.

हिशेब तपासनीस याला 'पूर्णता' म्हणतात. झालेली सगळी विक्री वहीत आली का, हा त्यांचा एक प्रश्न. वहीत आलेली विक्री खरोखर झाली होती का, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे आत्ताच लक्षात ठेवा. क्रमांक पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं नाही. पुढे आपण तिथे परत येणार आहोत.

फौजेत शस्त्रागाराला कोत म्हणतात. तिथे रायफलींची मोजणी होते तेव्हा 'तीस आहेत' एवढ्यावर भागत नाही, प्रत्येकीचा नंबर वाचून नोंदवहीशी ताडतात. कारण संख्या बरोबर असूनही वस्तू बदललेली असू शकते. बिलांचंही तेच. 'आज अठ्ठेचाळीस बिलं झाली' हे अर्धं उत्तर. कोणती अठ्ठेचाळीस, हे पूर्ण उत्तर.

रेल्वेचं तिकीट आणि एसटीचा वाहक

ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. १८३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये न्यूकॅसल-कार्लाईल रेल्वेवर थॉमस एडमंडसन नावाचे स्टेशनमास्तर होते. तेव्हा तिकीट हाताने लिहून देत. त्यामुळे कारकुनाने किती तिकिटं विकली आणि कंपनीकडे किती पैसे भरले, हे ताडायला पक्कं साधन नव्हतं. एडमंडसन यांनी आधीच छापलेली, ओळीने क्रमांक असलेली पुठ्ठ्याची छोटी तिकिटं काढली आणि त्यांवर तारीख उमटवायचं यंत्र बनवलं. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी ते जाड पुठ्ठ्याचं तिकीट खिडकीवर 'खट्' आवाजासह घेतलेलं आहे.

तिथला हिशोब अगदी साधा. पाळी सुरू होताना गठ्ठ्यातलं पुढचं तिकीट कोणत्या क्रमांकाचं, ते लिहायचं. पाळी संपताना पुन्हा पुढच्या तिकिटाचा क्रमांक लिहायचा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटं. तिला दराने गुणलं की भरायची रक्कम. प्रत्येक दराच्या तिकिटांची मालिका वेगळी. कारकून बदलला तरी हिशोब तुटत नाही, कारण तो माणसाच्या आठवणीवर नसून गठ्ठ्यावर आहे.

महाराष्ट्रात हेच काम एसटीच्या वाहकाने केलं. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. तिकीट देणारी यंत्रं येईपर्यंत वाहकाच्या हातात तिकिटांचा ट्रे, चिमटा आणि वेबिल असायचं. वेबिलावर आधी प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा क्रमांक, मग टप्प्याटप्प्याला पुढचा. वाटेत तपासणी पथक चढलं की ते प्रवाशाच्या हातातलं तिकीट आणि वेबिलावरचा आकडा शेजारी ठेवून बघायचं. तपासनीसाला वाहकाचा स्वभाव माहीत असण्याची गरज नव्हती. दोन आकडे पुरत.

या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे आणि आपल्या दुकानांत तीच राहून जाते. तिकीट विकणारा वेगळा, कोरी तिकिटं सांभाळणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. क्रमांक असतो सगळीकडे. पण तीन कामं एकाच हाती असतील तर तो फक्त शोभेचा आकडा राहतो.

कायदा काय सांगतो?

जीएसटीच्या २०१७ च्या नियमावलीतला नियम ४६ सांगतो की कर-बिलावर सलग अनुक्रमांक हवा. तो जास्तीत जास्त १६ चिन्हांचा असावा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ चालते. मालिका एक ठेवा किंवा अनेक ठेवा, पण एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा येता कामा नये.

आपल्या दुकानासाठी एक नमुना सांगतो: केडीएम/२६-२७/००००१. प्रत्यक्ष बिलावर पहिली तीन अक्षरं इंग्रजीत येतील. चिन्हं मोजा: तीन अक्षरं, एक रेघ, वर्षाची पाच, पुन्हा एक रेघ, आकडे पाच. एकूण पंधरा. मर्यादेत बसतं, आणि क्रमांक वाचला की दुकान आणि वर्ष दोन्ही कळतं. जबलपूरच्या गोदामातूनही विक्री होत असेल तर त्याची मालिका वेगळी ठेवा. दोन ठिकाणी एकच मालिका वापरली की कुठला आकडा कुणी वापरला याचा घोळ होतो, आणि खऱ्या गहाळ बिलाला लपायला जागा मिळते.

विक्रीचं जे विवरण आपण जीएसटीआर-१ म्हणून भरतो, त्यातला तेरावा तक्ता याच कामाचा आहे. कोणत्या क्रमांकापासून कोणत्यापर्यंत कागद काढले, एकूण किती, त्यातले रद्द किती, निव्वळ किती. बरेच जण हा तक्ता सल्लागारावर सोपवतात. माझं म्हणणं, तो आकडा तुमच्या तोंडी असला पाहिजे.

२०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या विक्रीत, घेणारा नोंदणीकृत नसेल आणि त्याने बिल मागितलं नाही, तर दर वेळी वेगळं बिल न करता दिवसाअखेर एकत्रित बिल करायची मुभा आहे. ही सोय कायदेशीर आहे, पण नियंत्रणाच्या दृष्टीने तिथे भिंतीला खिडकी आहे हे ध्यानात ठेवा. खताच्या दुकानाला तर १९८५ चा खत नियंत्रण आदेशही लागू आहे. त्यानुसार खत घेणाऱ्याला रोखीचं किंवा उधारीचं बिल ठरलेल्या नमुन्यात देणं विक्रेत्याचं काम आहे.

रोजची दहा मिनिटं

आता कृती. सकाळी दुकान उघडताना बिलबुकात पुढचं कोरं पान १२०१. संध्याकाळी पुढचं कोरं पान १२४९. १२४९ वजा १२०१, म्हणजे ४८ क्रमांक वापरले गेले. इथे एक सापळा आहे. शेवटचं वापरलेलं बिल १२४८ धरून त्यातून १२०१ वजा केले तर ४७ येतात आणि एक बिल हवेत विरतं. म्हणून रेल्वेसारखं करा: दोन्ही वेळेला पुढच्या कोऱ्या पानाचाच क्रमांक लिहा.

आता ४८ चा हिशोब लागला पाहिजे. विक्री वहीत ४५ बिलं चढली आहेत. १२१५ आणि १२३३ ही दोन रद्द आहेत आणि त्यांच्या सगळ्या प्रती बुकातच आहेत. झाले ४७. राहिलं एक. वहीवर बोट फिरवलं की कळतं, १२४० नाही.

घाबरायचं कारण नाही आणि ओरडायचंही नाही. उधारीचं बिल म्हणून वेगळ्या फाईलमध्ये गेलं असेल. गोदामातून माल उचलायला गिऱ्हाईक दोन्ही प्रती घेऊन गेलं असेल. पान फाटलं असेल. त्याच संध्याकाळी विचारलं तर उत्तर मिळतं, कारण गिऱ्हाईक, माल, प्रसंग सगळं आठवत असतं. महिन्याने विचारलं तर प्रामाणिक माणूसही "आठवत नाही" असंच म्हणेल, आणि मग त्या उत्तराचा काहीच उपयोग नाही.

यानंतर रक्कम. ४५ बिलांची बेरीज म्हणजे रोकड अधिक यूपीआय अधिक उधारी. ती जुळली की खाली तारीख, सुरुवातीचा क्रमांक, शेवटचा क्रमांक, रद्द बिलं आणि सही. पाच रकाने, एक ओळ. भाच्याने त्या ओळीचा फोटो मामाला पाठवावा. मामाने दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच बघावं की आजची सुरुवात ही कालच्या शेवटाशी जुळते का. दोन दिवसांच्या सांध्यात क्रमांक निसटणं ही जुनी खोड आहे.

३१ मार्चच्या संध्याकाळी बिल, चलान आणि पावती या तिन्ही पुस्तकांचे शेवटचे क्रमांक लिहून ठेवा. या वर्षाची विक्री पुढच्या वर्षात ढकलली किंवा पुढची अलीकडे ओढली, तर ती याच रेषेवर सापडते.

पळवाटा आणि त्यांच्यावरची कडी

पहिली पळवाट, रद्द बिल. मूळ प्रत गिऱ्हाइकाला दिली, पैसे घेतले आणि मागे राहिलेल्या प्रतीवर 'रद्द' लिहिलं. क्रमांक सलगच राहतो. उपाय एकच: मूळ प्रतीसकट सगळ्या प्रती बुकात टाचलेल्या असतील तरच बिल रद्द. मूळ प्रत नसेल तर ते बिल विक्री म्हणूनच धरायचं.

दुसरी, बुकाचं शेपूट. पन्नास पानी पुस्तकाची शेवटची दोन-तीन पानं कोरी राहिली म्हणून नवं पुस्तक उघडलं जातं, आणि ती पानं नंतर कामाला येतात. जुनं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत संपल्याशिवाय नवं द्यायचं नाही. पानं उरलीच तर ती आडवी रेघ मारून रद्द करायची.

तिसरी, जुळं पुस्तक. त्याच नावाचं, त्याच क्रमांकांचं बुक दुसरीकडे छापून घेणं. हे फक्त क्रमांक बघून कळत नाही. छपाई मालकानेच करून घ्यावी, छापखान्याच्या बिलावर 'अमुक ते अमुक क्रमांक' लिहून घ्यावं, आणि कोऱ्या पुस्तकांची वेगळी नोंदवही ठेवावी: कोणतं पुस्तक, कुणाला, कोणत्या तारखेला दिलं, कधी परत आलं, सही. कोरी पुस्तकं कुलपात. कोऱ्या बिलबुकाला रोख रकमेइतकंच जपायचं.

चौथी सर्वांत परिचित: कच्ची पावती. साध्या चिठ्ठीवर हिशोब, 'अंदाजपत्रक' नावाचा कागद, किंवा "बिल हवं असेल तर कर लागेल" हे वाक्य. इथे मालिकेत भोक पडत नाही, कारण व्यवहार मालिकेत शिरतच नाही. दुकानात अंदाजपत्रक द्यावंच लागत असेल तर त्यालाही सलग क्रमांक द्या, आणि प्रत्येकापुढे लिहा: बिल झालं, क्रमांक अमुक, किंवा गिऱ्हाईक परतलं.

हे सगळं फक्त दुकानदारांसाठी आहे असं नाही. गणेशोत्सवाची वर्गणी आठवा. दहा मुलांना दहा पावती पुस्तकं वाटली जातात. कुणाला कोणतं दिलं हे लिहिलेलं नसतं. उत्सव संपला की आठ परत येतात आणि दोघांबद्दल वर्षभर कुजबुज चालते. त्या दोघांनी कदाचित एक पावतीही फाडली नसेल. वाटतानाच क्रमांक लिहून सही घेतली असती, तर कुजबुजीला जागाच नव्हती.

क्रमांक काय पकडत नाही?

आता मघाचा दुसरा प्रश्न. कागद सगळे आहेत, क्रमांक सलग आहेत, पण व्यवहार झालाच नव्हता तर?

याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मध्य प्रदेशात सरकार धान खरेदी करतं तेव्हा कागदांची साखळी तयार होते. केंद्रावर वजनाची पावती, मग ट्रकचं चलान, मग गोदामात माल पोचल्यावर स्वीकृती पत्रक. पुढे ते धान भरडाईसाठी तांदळाच्या गिरण्यांकडे जातं, त्याचेही आदेश आणि चलानं असतात. मार्च २०२५ मध्ये जबलपूर जिल्हा प्रशासनाने भरडाईच्या धानाची ही वाहतूक तपासली. कागदावर ट्रक गेले होते. ते दुसऱ्या जिल्ह्यांत पोचायचे तर वाटेत टोल नाके लागणारच. म्हणून प्रशासनाने चलानांवरचे गाडी क्रमांक टोल नाक्यांच्या नोंदींशी ताडले. अनेक फेऱ्यांत त्या गाड्यांनी नाका ओलांडल्याची नोंदच नव्हती. काही क्रमांक तर माल वाहणाऱ्या गाड्यांचेही नव्हते. गुन्हे दाखल झाले.

यातून शिकायचं ते हे. चलानं गहाळ नव्हती, उलट ती जास्त होती. जिथे कागद नाहीसा करून फायदा होतो, तिथे सलग क्रमांक कामाला येतो. जिथे कागद तयार करून फायदा होतो, तिथे क्रमांक आंधळा आहे. बनावट कागदालाही तो पुढचा आकडा इमानेइतबारे देतो. तिथे लागते दुसऱ्याच्या हातातली, आपल्याला बदलता न येणारी नोंद. टोल नाक्याची, वजनकाट्याची, बँकेची, गिऱ्हाइकाची.

दुकानात हे कसं करायचं? दोन साखळ्या ठेवा. गोदामातून माल निघतो त्या चलानाची एक मालिका, बिलांची दुसरी. प्रत्येक चलानासमोर बिल क्रमांक, प्रत्येक बिलासमोर चलान क्रमांक. चलान आहे पण बिल नाही, म्हणजे माल गेला आणि विक्री नोंदली नाही. बिल आहे पण चलान नाही, म्हणजे विक्री कागदावरच झाली किंवा माल दुसऱ्या वाटेने गेला. दोन्ही मालिका एकाच माणसाच्या हाती देऊ नका. आणि महिन्यातून एकदा गोण्या मोजा. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा बिलांवरची विक्री, एवढ्या गोण्या समोर दिसल्या पाहिजेत. बिल न करता विकलेली गोणी कुठल्याच मालिकेत सापडत नाही. ती सापडते फक्त थप्पीत.

मध्य प्रदेशच्या मंडीत शेतकऱ्याचा माल विकला जातो तेव्हाही अशीच साखळी असते: प्रवेश पर्ची, अनुबंध पत्र, तौल पर्ची, भुगतान पत्रक, आणि माल बाहेर नेताना अनुज्ञा पत्र. महाराष्ट्रात बाजार समितीत काटापट्टी आणि हिशोबपट्टी. शेतकरी मंडळींनी यातला प्रत्येक कागद क्रमांकासकट जपावा. पैशांवरून वाद झाला तर 'त्या दिवशी माल आणला होता' या वाक्याला वजन नसतं. तौल पर्चीच्या क्रमांकाला असतं.

संगणक आहे ना?

बरेच जण म्हणतात, आता बिल संगणकावर निघतं, क्रमांक आपोआप पडतो, प्रश्न मिटला. मिटलेला नाही, जागा बदलली आहे.

टॅलीप्राइमसारख्या प्रणालीत क्रमांक देण्याची पद्धत आपण निवडतो. पूर्ण आपोआप, आपोआप पण हाताने बदलता येणारी, किंवा पूर्ण हाती. आणखी एक निवड असते: मधलं बिल काढून टाकलं तर पुढच्यांचे मूळ क्रमांक कायम ठेवायचे, की सगळ्यांना नव्याने ओळीने क्रमांक लावायचे? दुसरा पर्याय निवडला की गेलेल्या बिलाची जागा मागचं बिल घेतं. मालिका अखंड दिसते आणि भोक बुजतं. दिसायला नीटनेटकं, पण नियंत्रण संपलं. म्हणून मूळ क्रमांक कायम ठेवा. बिल पुसण्याचा अधिकार गल्ल्यावरच्या माणसाला देऊ नका. त्याला फक्त रद्द करता आलं पाहिजे.

कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून असं बंधन आहे की हिशोबाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. तुमचं दुकान कंपनी नसेल तर हे बंधन नाही, पण सोय तीच घ्या. कुणी, कधी, काय बदललं हे वाचता येणं म्हणजे संगणकातली स्थळप्रत.

५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधल्या विक्रीसाठी ई-बिल लागतं. त्यात विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांतून ६४ चिन्हांचा एक संदर्भ क्रमांक बनतो. एकच बिल क्रमांक त्याच वर्षी दुसऱ्यांदा दिला तर तो नाकारला जातो. म्हणजे मालिकेची एक चावी आता मालकाकडेही नाही, बाहेर आहे. जर्मनीने २०२० पासून रोखीच्या गल्ल्यांच्या यंत्रांना असंच सुरक्षा उपकरण सक्तीचं केलं: प्रत्येक व्यवहाराला क्रमांक आणि अंकीय सही, म्हणजे मागे जाऊन काही खोडलं तर साखळी तुटलेली दिसते.

संगणकात निष्पाप भोकंही पडतात, हेही सांगायला हवं. काही प्रणालींत बिल उघडताच क्रमांक राखला जातो. वीज गेली, बिल पूर्ण झालं नाही, तर तो आकडा वाया जातो. म्हणून रिकामा क्रमांक दिसला की लगेच आरोप नको. रिकामा क्रमांक हा प्रश्न आहे, पुरावा नव्हे. पण प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहिलेलं असलंच पाहिजे.

क्रमांक परक्यालाही बोलतो

शेवटी एक लष्करी गोष्ट, कारण ती दुकानातही उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे हवं होतं. हेरांच्या बातम्यांवरून जून १९४१ साठी आकडा आला १५५०. संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक घेतले आणि अंदाज केला २४४. युद्धानंतर जर्मन कागदपत्रं मिळाली. खरा आकडा होता २७१. मूठभर क्रमांकांनी हेरांच्या जाळ्यापेक्षा खरं सांगितलं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. कुंडमच्या चार गिऱ्हाइकांना कधीतरी सहज म्हणा, "बिल आहे का? दाखवा जरा." त्यावर क्रमांक १२४० आणि तारीख मंगळवारची असेल, आणि मंगळवारच्या ओळीत शेवटचा क्रमांक १२३० लिहिला असेल, तर दुकानात न बसताही तुम्हाला कळायचं ते कळलं. बिल गिऱ्हाइकाच्या हातात आहे. ते दुकानातल्या कुणालाही बदलता येत नाही. म्हणून दुकानात ठळक पाटी लावा: 'बिल घेतल्याशिवाय जाऊ नका.' बिल मागणारं प्रत्येक गिऱ्हाईक हे तुमचं फुकटचं तपासणी पथक आहे.

आणि भाच्याला हे सगळं आधी सांगा, लपवून करू नका. त्याला म्हणा, "तुझ्यावर संशय म्हणून नाही, उद्या कुणी तुझ्याबद्दल काही बोललं तर माझ्याकडे दाखवायला कागद हवा म्हणून." प्रामाणिक मुलगा हे ऐकून दुखावणार नाही, सुटल्यासारखा होईल.

या आठवड्यात एकच करा. तुमच्या दुकानाचं, सोसायटीचं किंवा मंडळाचं सध्या चालू असलेलं पावती पुस्तक उघडा. पहिल्या पानापासून ओळीने फक्त क्रमांक वाचत जा. जिथे आकडा तुटेल तिथे थांबा आणि विचारा. उत्तर काहीही मिळो, ते तारखेसह त्याच पानामागे लिहून सही करा. उद्यापासून रोज एक ओळ.